तंबोरा लावून बघा: व्हर्च्युअल मशीनमधली खरखर कुठून येते

व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे संगणकाच्या आत प्रोग्रामने उभ्या केलेल्या दुसऱ्या, आभासी संगणकात, आवाज नीट येतो का, हे पाहायला बहुतेक जण यूट्यूबवरचं एखादं दणकेबाज गाणं लावतात. त्याने काहीच कळत नाही. ढोलकी आणि बेसच्या गर्दीत वीस-तीस मिलिसेकंदांची खाच खपून जाते, शिवाय व्हिडिओ उलगडण्याचा भार प्रोसेसरवर पडतो तो वेगळाच. मग खरखर आली तरी ती आवाजाची की व्हिडिओमुळे दमलेल्या प्रोसेसरची, हा प्रश्न उरतोच.

सांगली-मिरजेकडच्या माणसाला याहून चांगली कसोटी घरबसल्या मिळते. तंबोऱ्याचं दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग घ्या, डब्ल्यूएव्ही स्वरूपात, ४४,१०० किंवा ४८,००० हर्ट्झचं. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते त्यांच्या कारागिरीसाठी, पण आपल्याला हवी ती जवारी, म्हणजे घोडीवर तार हलकेच घासून उमटणारी झणझण. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्याचा आवाज मधे कुठे तुटत नाही आणि त्यात वरचे स्वरांश ठासून भरलेले असतात. त्यात जरा खंड पडला की कानाला लगेच टोचतो. दुसरी फाइल ऑडॅसिटी या आवाज संपादित करायच्या सॉफ्टवेअरमध्ये बनवा: ‘जनरेट’मधून ‘टोन’, साइन, ४४० हर्ट्झ, एक मिनिट. पहिली फाइल खंड पकडते, दुसरी चुकलेला वेग.

या दोन्ही फाइली आधी होस्टवर, म्हणजे खऱ्या यंत्रावर वाजवा. तिथेच खरखर असेल तर व्हर्च्युअल मशीनची एकही सेटिंग हलवू नका. हे सांगायची गरज नाही असं वाटेल, पण लोक तास-दोन तास गेस्टमधले, म्हणजे व्हर्च्युअल मशीनच्या आतले, ड्रायव्हर बदलत बसतात आणि दोष निघतो होस्टच्या हेडफोनच्या पिनेत.

पाहुण्याच्या घरी घड्याळ नाही

खऱ्या साउंड कार्डावर एक स्फटिक असतो. तो ठोके देतो, त्या ठोक्यांवर कार्ड मेमरीतून नमुने (आवाजाचे एकेका क्षणाचे आकडे) उचलतं आणि बफर, म्हणजे त्यांचा पुढचा साठा, रिकामा होत आला की प्रोसेसरला हाक मारतं. सेकंदाला ४८,००० नमुने म्हणजे ४८,०००. बाकी यंत्र कितीही गडबडीत असो, स्फटिक थांबत नाही.

व्हर्च्युअल मशीनमधलं साउंड कार्ड हा निव्वळ प्रोग्राम आहे. त्याच्याकडे स्फटिक नाही, होस्टचा टायमर आहे. क्यूईएमयू हा व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम मुळात दर १० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाला १०० वेळा, गेस्टच्या बफरमधून माल उचलून होस्टकडे देतो. पण हा टायमर चालवणारी प्रक्रिया होस्टच्या रांगेत इतरांसारखीच उभी असते. ब्राउझरने, अँटिव्हायरसने किंवा बॅकअपने प्रोसेसर धरून ठेवला की तिचा नंबर उशिरा लागतो. विंडोजचा मूळ टायमर तर सेकंदाला ६४ ठोक्यांचा आहे, म्हणजे १५.६ मिलिसेकंदांना एक. दहा मिलिसेकंदांचा बफर घेऊन अशा टायमरवर विसंबलात तर तो फाटणारच.

गणित सोपं आहे. ४८,०००च्या वेगाला २५६ नमुन्यांचा बफर ५.३ मिलिसेकंद पुरतो, १०२४चा २१.३ आणि २०४८चा ४२.७. खऱ्या कार्डावर २५६ सहज चालतं. गेस्टमध्ये १०२४च्या खाली जाण्यात शहाणपणा नाही. लिनक्समध्ये आवाजाची वाहतूक सांभाळणाऱ्या पाइपवायरच्या मूळ कॉन्फिगरेशनमध्येच व्हर्च्युअल मशीन ओळखलं गेलं तर किमान क्वांटम (एका वेळच्या नमुन्यांची संख्या) १०२४ धरायची नोंद आहे. खऱ्या यंत्रावर हाच किमान आकडा ३२ असतो. बत्तीसपट फरक, आणि तो ठेवणाऱ्यांनी विचार करूनच ठेवला आहे.

म्हणून निदानाचा माझा ठोकताळा असा: व्हर्च्युअल मशीनमधला बिघाड बहुतेक वेळा वेळेचा असतो आणि खऱ्या यंत्रावरचा वाटेचा. एकीकडे आवाज उशिरा पोचतो, दुसरीकडे भलत्याच दारातून बाहेर पडतो.

आवाजच नाही

अपवादाने सुरुवात करू, कारण गेस्टमधली पूर्ण शांतता हा वाटेचाच प्रश्न आहे.

आधी गेस्टमधला आवाजाचा मीटर बघा. मीटर नाचतोय पण स्पीकर गप्प असेल, तर गेस्ट निर्दोष आहे. व्हर्च्युअलबॉक्समध्ये (हाही व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) मशीन बंद करून ‘ऑडिओ’ सेटिंग उघडा. होस्ट ड्रायव्हर ‘नल’ असेल तर गेस्टला कार्ड दिसतं, सगळं वाजल्यासारखं वाटतं आणि आवाज हवेत विरतो. ‘आउटपुट’समोरची खूणही पाहा. नंतर होस्टच्या व्हॉल्यूम मिक्सरमध्ये जा. तिथे व्हर्च्युअलबॉक्सची स्वतंत्र पट्टी असते आणि ती कधीतरी कुणीतरी शून्यावर नेलेली असते.

मीटरच नसेल किंवा लिनक्स गेस्ट ‘डमी आउटपुट’ दाखवत असेल, तर गेस्टला कार्ड सापडलेलं नाही. इथे कंट्रोलरची, म्हणजे गेस्टला कोणतं आभासी कार्ड दाखवायचं याची, निवड महत्त्वाची. व्हर्च्युअलबॉक्स तीन देतं: आयसीएच एसी९७, इंटेल एचडी ऑडिओ आणि साउंडब्लास्टर १६. विंडोज १० किंवा ११ला एचडी ऑडिओच द्या. एसी९७चा ड्रायव्हर त्यांच्यात येत नाही. ३२ बिटच्या एक्सपीला उलट एसी९७ द्या, त्याचा ड्रायव्हर एक्सपीच्या पोटातच आहे. जुनं मराठी टायपिंगचं किंवा हिशेबाचं सॉफ्टवेअर चालवायला एक्सपी जिवंत ठेवणारी कार्यालयं आपल्याकडे पुष्कळ आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगितलं. डॉसच्या खेळांसाठी साउंडब्लास्टर. लिनक्सला एसी९७ आणि एचडी ऑडिओ दोन्ही चालतात. एकावर खरखर आली तर दुसरं लावून बघायला एक मिनिट लागतं.

कंट्रोलर बरोबर आहे, तरी लिनक्समध्ये कार्ड नाही? मग कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, तपासा. डेबियनच्या ‘क्लाउड’ कर्नलमध्ये आवाजाची मॉड्यूल्स नसतात. उबंटूच्या ‘व्हर्च्युअल’ कर्नलसोबत ती येत नाहीत, ‘मॉड्यूल्स-एक्स्ट्रा’ हे वेगळं पॅकेज घालावं लागतं. सर्व्हरच्या तयार प्रतिमेवर नंतर डेस्कटॉप चढवला की हा घोळ हमखास होतो. टर्मिनलमध्ये ‘एप्ले’ आदेश ‘-एल’ जोडून चालवा; यादीत कार्ड आलं तर कर्नलचं काम झालं, पुढचा प्रश्न पाइपवायर किंवा त्याच्याआधीच्या पल्सऑडिओचा.

विंडोज सर्व्हर गेस्ट असेल तर ‘विंडोज ऑडिओ’ सेवा मुळात चालू नसते. सेवांच्या यादीत जाऊन ती ‘ऑटोमॅटिक’ करा आणि सुरू करा.

विंडोजच्या स्वतःच्या हायपर-व्हीची तऱ्हा वेगळी. तिथे आभासी साउंड कार्ड नावाची गोष्टच नाही, त्यामुळे डिव्हाइस मॅनेजरमध्ये ते शोधू नका. आवाज रिमोट डेस्कटॉपच्या वाटेने येतो. विंडोज गेस्टला ‘एन्हान्स्ड सेशन’ चालू हवं. लिनक्स गेस्टमध्ये एक्सआरडीपी (लिनक्ससाठीचा रिमोट डेस्कटॉप सर्व्हर) आणि त्याचं आवाजाचं मॉड्यूल, दोन्ही लागतात. नुसतं एक्सआरडीपी घातलं तर पडदा दिसतो आणि आवाज येत नाही.

व्हर्ट-मॅनेजर या लिनक्सवरच्या साधनाने बनवलेल्या क्यूईएमयूच्या मशीनमध्ये आवाज बहुधा स्पाइसमधून, म्हणजे पडदा दाखवणाऱ्या खिडकीतून येतो. खिडकी बंद केली की मशीन चालू राहतं, आवाज जातो. पडद्याशिवाय आवाज हवा असेल तर ऑडिओचा बॅकएंड, म्हणजे गेस्टचा आवाज बाहेर पोचवणारा भाग, बदलून थेट होस्टच्या पल्सऑडिओकडे किंवा पाइपवायरकडे पाठवा. तिथे एक अडचण: सिस्टिम पातळीवरचं मशीन वेगळ्या युजरच्या नावाने चालतं आणि त्याला तुमच्या ऑडिओ सॉकेटला हात लावता येत नाही. सर्वांत कमी डोकेदुखीचा उपाय म्हणजे मशीन यूजर सेशनमध्ये चालवणं.

आवाज येतो, पण फाटतो

खरी मेहनत इथे आहे. पहिली चूक बहुतेक वेळा प्रोसेसरच्या कोअरच्या वाटपात असते. होस्टला चार कोअर आहेत म्हणून गेस्टला चारही देऊन टाकतात. मग गेस्टचे चार आभासी प्रोसेसर आणि होस्टचा ऑडिओ धागा त्याच चार जागांसाठी भांडतात, आणि ऑडिओ हरतो. चारपैकी दोन द्या. आठ जीबी रॅम असलेल्या होस्टवर गेस्टला तीन-चार जीबीच्या वर नको. रॅम संपून होस्ट स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या मेमरीत, गेला की आवाज अर्धा-अर्धा सेकंद गायब होतो. ही खरखर नसते, सरळ खंड असतो, आणि कानाला फरक कळतो.

होस्ट विंडोज आणि वर व्हर्च्युअलबॉक्स असेल तर चालू मशीनच्या खालच्या पट्टीत उजवीकडे पाहा. तिथे हिरवं कासव दिसतंय का? दिसत असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सोय थेट मिळालेली नाही. मधे हायपर-व्ही बसला आहे आणि सगळं त्याच्यामार्फत, मंद गतीने चाललं आहे. हायपर-व्ही तुम्ही कधी लावला नसेल, तरी डब्ल्यूएसएल २ (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) किंवा विंडोजच्या सुरक्षेतल्या ‘कोअर आयसोलेशन’मधली ‘मेमरी इंटिग्रिटी’ त्याला मागच्या दाराने आत आणते. ‘विंडोज फीचर्स’मधून हायपर-व्ही, ‘व्हर्च्युअल मशीन प्लॅटफॉर्म’ आणि ‘विंडोज हायपरव्हायझर प्लॅटफॉर्म’ काढा, मेमरी इंटिग्रिटी बंद करा आणि यंत्र पुन्हा चालू करा. त्याने डब्ल्यूएसएल २ बंद पडेल आणि सुरक्षेचा एक थर जाईल, हे आधी लक्षात घ्या. ऑफिसच्या लॅपटॉपवर मी हे करणार नाही. तिथे बफर वाढवून भागवलेलं बरं.

लॅपटॉप चार्जरला आहे ना? बॅटरीवर असताना प्रोसेसर वेग उतरवतो आणि खोल झोपेत जातो, जागं व्हायला वेळ घेतो. लाइट गेल्यावर खरखर सुरू झाली आणि आल्यावर थांबली, तर पॉवर प्लॅन पाहा, ड्रायव्हर नको.

आता बफर. गेस्टमध्ये पाइपवायर असेल तर ‘पीडब्ल्यू-टॉप’ चालवा आणि तंबोरा वाजू द्या. ‘क्वांट’ या रकान्यात बफरचा आकार दिसतो, ‘रेट’मध्ये वेग आणि ‘ईआरआर’मध्ये चुकलेल्या वेळांची संख्या. प्रत्येक ‘टक्’सोबत ईआरआर वाढत असेल तर माल गेस्टच्या आतच उशिरा तयार होतोय. मग ‘पीडब्ल्यू-मेटाडेटा’ने सेटिंग्जमधलं ‘क्लॉक.फोर्स-क्वांटम’ २०४८ करून बघा; शून्य दिलं की पूर्ववत होतं. सुधारणा झाली तर तोच आकडा होम फोल्डरमधल्या पाइपवायरच्या कॉन्फिगरेशनमध्ये किमान क्वांटम म्हणून कायम करा.

खरखर ऐकू येते पण ईआरआर ढिम्म हलत नाही? मग गेस्टने आपलं काम वेळेत केलंय आणि गोंधळ बाहेर आहे. क्यूईएमयू वापरणाऱ्यांकडे याची पक्की परीक्षा आहे: ऑडिओचा बॅकएंड तात्पुरता ‘डब्ल्यूएव्ही’ करा आणि फाइलचं नाव द्या. गेस्टचा आवाज स्पीकरऐवजी फाइलमध्ये जातो. ती फाइल होस्टवर वाजवा. स्वच्छ असेल तर होस्टच्या बॅकएंडची लेटन्सी, म्हणजे मुद्दाम ठेवलेला उशीर, वाढवायची. पल्सऑडिओ बॅकएंडला ‘आउट.लेटन्सी’ मायक्रोसेकंदांत देता येते, ६०,०००पासून सुरुवात करा. फाइलमध्येही खरखर असेल तर पुन्हा कोअर, कंट्रोलर आणि गेस्टचा बफर.

जुन्या गेस्टमध्ये अजून पल्सऑडिओ असेल तर त्याची ‘टीस्केड’ पद्धत बंद करून बघा. या पद्धतीत पल्सऑडिओ कार्डाच्या हाकेची वाट न पाहता स्वतःच्या टायमरवरून अंदाज बांधतो की कार्ड आता कुठवर वाजवून झालं असेल. खऱ्या कार्डावर अंदाज बरोबर येतो, कारण स्फटिक इमानदार असतो. आभासी कार्डाची जागा मात्र उड्या मारत पुढे जाते. ‘डीफॉल्ट.पीए’ फाइलमध्ये ‘मॉड्यूल-यूडेव्ह-डिटेक्ट’च्या ओळीला ‘टीस्केड=०’ जोडा. त्यानंतर तुकड्यांचा हिशेब लागू होतो: मुळात २५ मिलिसेकंदांचे चार तुकडे, एकूण १०० मिलिसेकंद. गाणी ऐकायला एवढं पुरून उरतं.

दर सात मिनिटांनी एकच टक्

हा वेगळा प्राणी आहे. बाकी आवाज स्वच्छ, पण ठरावीक अंतराने एकच ‘टक्’. ही दोन घड्याळांमधली तफावत. होस्टचा टायमर एका स्फटिकावर चालतो, साउंड कार्ड दुसऱ्यावर. दोघांत दहा लाखांत ५० इतका फरक असला तरी सेकंदाला २.४ नमुने मागे-पुढे होतात. १०२४ नमुन्यांची शिल्लक साधारण सात मिनिटांत संपते, बफर एकदा कोरडा पडतो, टक् होतं, पुन्हा भरतो. तासाभरात फरक १८० मिलिसेकंदांवर जातो. घड्याळ लावून अंतर मोजा. ते दर वेळी तेवढंच आलं तर प्रोसेसरला दोष देऊ नका. बफर वाढवला तर टक् उशिरा येईल, पण जाणार नाही. मधला कुणीतरी वेग किंचित जुळवून घेणारा लागतो. म्हणून अशा वेळी होस्टच्या कार्डाला थेट अल्सातून (लिनक्स कर्नलमधल्या आवाजाच्या थरातून) धरण्यापेक्षा पाइपवायर किंवा पल्सऑडिओमार्फत जाऊन बघा.

सूरच चढला

४४० हर्ट्झची फाइल गेस्टमध्ये वाजवा आणि मोबाइलवरच्या ट्यूनरने मोजा. ४७९च्या आसपास आकडा आला तर ४४,१००चा माल ४८,०००च्या वेगाने ढकलला जातोय. ४०४ आला तर उलट. तंबोरा लावणाऱ्याला ट्यूनरही नको: पांढरी एकचा षड्ज काळी एक आणि पांढरी दोनच्या मधे कुठेतरी जाऊन बसतो, जवळजवळ दीड पट्टी वर. गेस्ट आणि होस्ट दोन्हीकडे ४८,००० ठेवा; विंडोजमध्ये ते उपकरणाच्या ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये मिळतं. नंतर आवाज वाजत असतानाच लिनक्समध्ये ‘प्रॉक’ खालच्या ‘एसाउंड’ फोल्डरात जाऊन त्या कार्डाची ‘एचडब्ल्यू-पॅराम्स’ फाइल वाचा. प्रत्यक्षात कोणता वेग आणि किती बफर चालू आहे, ते तिथे खरं खरं लिहिलेलं असतं.

आवाज एकदम टेलिफोनसारखा झाला, तर ते प्रकरण ब्लूटूथचं. गेस्टला माइकही दिलेला असेल तर गेस्टने माइक उघडताच होस्टवरचा ब्लूटूथ हेडसेट हँड्स-फ्री रूपात जातो: एकच चॅनेल, तोही दबका. व्हर्च्युअलबॉक्सच्या ऑडिओ सेटिंगमधला ‘इनपुट’ काढून टाका. माइक खरंच हवा असेल तर वायरचा लावा.

खऱ्या यंत्रावर

इथे वेळेचे प्रश्न कमी, वाटेचे जास्त, म्हणून यादी लवकर उरकते. एचडीएमआयने मॉनिटर जोडला की यंत्र तोच स्पीकर समजून बसतं, आणि त्या मॉनिटरला बहुधा स्पीकरच नसतो. लिनक्समध्ये ‘अल्सामिक्सर’ उघडा, एफ६ दाबून खरं कार्ड निवडा आणि ज्या पट्टीखाली ‘एमएम’ दिसतं तिच्यावर ‘एम’ दाबा. ‘ऑटो-म्यूट’ चालू असेल आणि हेडफोनचं भोक झिजलेलं किंवा ओलसर असेल तर कार्डाला कायम हेडफोन लावलेलाच वाटतो आणि स्पीकर गप्प राहतात. पावसाळ्यात हे फार होतं. पिनेला थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून चार-पाच वेळा आत-बाहेर करा, वाळू द्या. डेस्कटॉपच्या पुढच्या बाजूचं भोक मेलेलं असेल तर बायोसमध्ये ‘फ्रंट पॅनेल’ एचडी आहे की एसी९७, ते कॅबिनेटच्या वायरीशी जुळवा. नव्या इंटेल लॅपटॉपवर लिनक्स टाकून कार्डच दिसत नसेल तर एसओएफ या, कार्डाला लागणाऱ्या फर्मवेअरचं पॅकेज राहिलंय.

गाणं सुरू होताना पहिला शब्द गिळला जातो किंवा थांबल्यावर ‘टप्’ होतं, ही कार्डाची झोप. ‘एसएनडी-एचडीए-इंटेल’ मॉड्यूलचं ‘पॉवर-सेव्ह’ शून्य करा. हा दोष गेस्टमधूनही ऐकू येतो, पण इलाज होस्टवरच करायचा असतो.

सतत घुमणारा खर्ज हा सॉफ्टवेअरचा नव्हेच. तो विजेचा ५० हर्ट्झ. लॅपटॉपचा चार्जर काढा. गुणगुण थांबली तर अर्थिंगचा फेरा आहे. दोन्ही उपकरणं एकाच बोर्डावर लावा किंवा स्पीकरच्या वायरीत एकास एक आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर घाला. प्लगची अर्थिंगची पिन कापून गुणगुण घालवणारे मेकॅनिक सातारा-सांगली पट्ट्यात अजून भेटतात. तसं अजिबात करू देऊ नका, उपकरणाच्या पत्र्यात करंट उतरला तर त्याला वाट उरत नाही. गुणगुण फक्त लाइट गेल्यावरच येत असेल तर इन्व्हर्टर चौकोनी लहरीचा आहे, आणि त्यावर शुद्ध साइन लहरीचा इन्व्हर्टर हाच उपाय.

यूएसबी इंटरफेस गेस्टला द्यायचा असेल

यूएसबी इंटरफेस म्हणजे माइक आणि वाद्यं जोडायची बाहेरची आवाजाची पेटी. मिरजेत गाणं रेकॉर्ड करणारे विंडोजवरचं सॉफ्टवेअर लिनक्सच्या पोटात चालवायला जातात तेव्हा हा प्रश्न येतो. यूएसबी ऑडिओ आयसोक्रोनस पद्धतीने जातो: पाकीट वेळेत पोचलं नाही तर ते पुन्हा पाठवलं जात नाही, गेलं ते गेलं. नुसतं उपकरण गेस्टकडे वळवलं तर प्रत्येक पाकीट होस्टच्या हातून जातं आणि काही गळतात. म्हणून उपकरणाऐवजी अख्खा यूएसबी कंट्रोलर गेस्टला द्या. त्यासाठी बायोसमध्ये व्हीटी-डी (इंटेल) किंवा एएमडी-व्हीआय (एएमडी) ही हार्डवेअर थेट गेस्टला देण्याची सोय चालू हवी, आणि तो कंट्रोलर आपल्या स्वतंत्र आयओएमएमयू गटात, म्हणजे एकत्रच देता येणाऱ्या उपकरणांच्या गटात, एकटा असायला हवा. कीबोर्ड-माउस त्याच कंट्रोलरवर असतील तर तेही गेस्टकडे जातील. ग्राफिक्स कार्डासोबत एचडीएमआयचा आवाज विंडोज गेस्टला दिला आणि तो भुताटकीसारखा घोगरा, ताणलेला आला, तर त्या ऑडिओ उपकरणाला एमएसआय प्रकारचं इंटरप्ट (प्रोसेसरला हाक मारायची पद्धत) चालू करा; हा दोष बहुतेक वेळा तेवढ्यानेच जातो.

एवढं करूनही गाताना स्वतःचा आवाज कानात परत ऐकायचा असेल तर दहा मिलिसेकंदांच्या आत राहावं लागतं, आणि २१ मिलिसेकंदांचा बफर मागणारं व्हर्च्युअल मशीन तिथे बसत नाही. त्या कामासाठी डिस्कचा एक भाग मोकळा करून विंडोज थेट यंत्रावर टाका.